लेखातली सानोबार

राहू दे, ते रेकॉर्डिंगचं यंत्र चालूच राहू दे, मला सवय आहे त्याची — तुझ्याआधी कितीजण येऊन बसलेत ह्याच बाजेवर — तू चहा घे आधी, निवतोय. जर्दाळू घे. हं, तर तू विचारत होतास, मुअल्लिमा, शिकवणाऱ्या बाई तुम्ही, हे सगळं वाचता तरी कशाला? गाव सीमेवरचं, दिवे कधी असतात कधी नसतात, आणि ही निवृत्त बाई काल तुला विचारते की सार्वभौमत्वावरचा नवा अंक आला का! वाचते बाबा. राजकीय विचार, भूगोल, ते फ्रेंच-जर्मन तत्त्वज्ञान — सगळं कळतं असं मुळीच नाही, तत्त्वज्ञानातलं तर अर्धं डोक्यावरून जातं, एकेक वाक्य म्हणजे चिखलात रुतलेली गाडी — पण सोडत नाही. भूगोल मात्र माझाच. शाळेत शिकवला ना जन्मभर. आम्ही सांगायचो, सीमा म्हणजे नकाशावरची रेघ. तुम्ही लोक आता म्हणता, रेघ नव्हे, ती रोज घडत असते. खरंय. आमची तर डोळ्यांदेखत घडली, तारेसकट.

तो कालवा दिसतो? त्याच्यापलीकडे चिनारांची रांग, तिच्यामागे सोयबुलाक. माझी धाकटी बहीण तिथे दिलेली, सानोबार. तेव्हा कोण विचारत होतं कुठलं गाव कुठल्या देशात! फळीवरून कालवा ओलांडला की तिचं सासर. मी इथे पुलाव चढवायची आणि तिथून ती ओरडायची, आपा, गाजर जास्त घाल! — मग देश दोन झाले, चौकी आली, तार आली, आणि मग ते दोन दिवस. तुला ठाऊकच आहेत, त्यासाठीच तर आलास. पाण्यावरून दगडफेक, दगडांवरून बंदुका. इकडची घरं जळली, तिकडची जळली. सानोबारचं जळलं. — फोन? फोन लागत नाही पलीकडे. म्हणजे — लागतो. लागत नाही असं मी गावात सांगते. ती उचलत नाही.

मग लांबच्या विद्यापीठातली एक मुलगी आली, तुझ्यासारखीच. तुम्हाला दोन्हीकडे जाता येतं ना, पासपोर्टच तसा. माझ्याशी बोलली, पलीकडच्या बायकांशी बोलली, आणि लेख छापून आला तेव्हा पोरीनं आठवणीनं पाठवला. वाचत होते — राज्यसंस्था, हिंसा, भूप्रदेश — आणि मध्येच दोन ओळी. ‘स्त्री, पन्नाशीची, कालव्यापलीकडची. म्हणते, आईनं शिवलेल्या रजया कितीतरी दिवस धुमसत होत्या. कापूस लवकर विझत नाही, असं माझी थोरली बहीण म्हणायची.’ अरे, ती थोरली बहीण म्हणजे मी! इथे एकटी बसून मोठ्यानं ओरडले मी. तेव्हापासून वाचते, काही म्हणजे काही सोडत नाही. कुठे तिला नुसता क्रमांक असतो, कुठे टोपणनाव — एकानं तर तिला गुलचेहरा केलंय, आमच्या काळ्यासावळ्या सानोबारला! हसू आलं मला. तिचा नवरा वारला तेही असंच कळलं, तळटीपेतून. रडले, पण शेजारीण आली तर तिला काय सांगू, कोण गेलं म्हणून?

आणि मग मागच्या वसंतात तो लेख. पाहुणचारावरचा. पाहुणा कोण, वैरी कोण, उंबरठा कोणाचा — चांगला आहे, वाच तू. त्यात सानोबार म्हणते, ‘जाळायला आलेल्यांत एकानं तोंड बांधलं होतं. मी त्याला चालीवरून ओळखला. माझ्याच अंगणात पहिलं पाऊल टाकलं होतं त्यानं.’ आणि मग त्या लेखकालाच विचारते — त्याच्या आईला माहीत असेल का? त्या माणसानं पुढे पानंच्या पानं भरलीत, जाणणं म्हणजे काय, न जाणण्याचा हक्क कोणाला, वगैरे. पण प्रश्न त्याला नव्हता रे विचारलेला. तीही वाचत असणार, बघ. मीही छापून येतेच की. ‘निवृत्त शिक्षिका, अलीकडची.’

असा बघू नकोस. गावातली कितीतरी पोरं तिच्या अंगणात वाढली — माझा बोतिर काय, शेजारचे काय. बोतिर गुणी आहे. हे छप्पर त्यानंच नीट केलं, कोळसा आणतो, माझे गुडघे दुखले तर पाणीसुद्धा भरू देत नाही. त्या दिवशी घरी आला तेव्हा धुराचा वास येत होता, पण तो तर सगळ्यांच्याच अंगाला येत होता. मी नाही विचारलं. कपडे धुऊन टाकले. जरासा लंगडतो, लहानपणी झाडावरून पडला तेव्हापा— काय बोलले मी आत्ता?

घे, चहा घे. — घेतलास? रिकामा आहे होय. — कुठे जाऊ मी, सांग ना? त्याला सोडून कुठे जाऊ, आणि तिच्याकडे कोणत्या तोंडानं जाऊ? सगळे लिहितात, माणसं वाटा काढतात, भिंतीतून, तारेतून. मला एक दाखव. नवरा गेला तर मुलाच्या हातचं खायचं, मुलाच्या छपराखाली झोपायचं, आणि रोज सकाळी त्याच्यापुढे नान ठेवायची. ठेवते. आई आहे.

उद्या पलीकडे जाणार ना तू? तोंडी काही सांगू नकोस तिला, ती दार लावून घेईल. लेखातच घाल. यायला वर्ष लागेल, लागू दे. लिही — ‘निवृत्त शिक्षिका, कालव्याअलीकडची, म्हणते: आईला माहीत आहे.’ बस. त्यावर पुढे पानं भरू नकोस. एवढंच ठेव, माहीत आहे.

— थांब. फाटक वाजलं. बंद कर ते. बंद कर म्हणते ना! ... ये रे बोतिर. ह्याचं नाव यान, पाणीवाटपावर लिहितोय, पाटाचं विचारत होता. निघालाच होता. — ऊठ बेटा. जा. जा म्हटलं ना.