निळ्या फुलांची माती

"अगं शहाणे, मुळं काय वरच्या पाण्यात पोहतात? यंत्राची दांडी खाली गाळात धर!"

माती तपासायच्या खोलीत यंत्र एकच, रांग दारापर्यंत, आणि हे भाऊबहीण पाण्यात कालवलेल्या मातीच्या एका ग्लासावरून भांडत होते. त्यांच्या मागेच उभा होतो मी; माझं डोकंच फिरलं.

"गाळात साडेपाच दाखवतंय. माती आंबट आहे, आणि आंबट मातीत या झाडाला फुलं निळीच येणार. विषय संपला."

"पाण्यात सव्वासहा आहे, दादा. गाळात आकडा उगाच खाली उतरतो, तुला माहितीये. गेल्या वर्षीसारखी गुलाबीच येणार."

"नाही येणार."

"कळ्या मिटलेल्या आहेत तोवर माती आंबट करायला तुरटीची पूड घालू ना. एवढा का अडून बसलास?"

"आईला सांगून टाकलंय मी."

"काय?"

"कुंडीतलं झाड निळं फुललंय म्हणून. ऑपरेशन झाल्यापासून डोळ्यांवर पट्टी बांधून पडलीय बिचारी, रोज विचारते. म्हटलं, पहाटेच्या आभाळासारखं निळं. हसली, आणि हसतहसतच झोपली."

"पट्टी सुटणार कधी?"

"फुलं उमलतील त्याच सुमारास."

ग्लासातला गाळ हळूहळू खाली बसत होता, धुकं जमिनीवर उतरावं तसा. मीपण बघतच राहिलो. राग कुठे गेला कोण जाणे.

"कसलं निळं म्हणालास? नीट आठव."

"पहाटेचं. फिकट."

"मग वरच्या पाण्यातलाच आकडा धरायचा, त्यावरून फिकट निळ्यापुरती पूड मोजायची. आणि पूड आजच घालायची."

"ओ, पुढचा कोण?" यंत्रावरचा माणूस ओरडला.

मीच. जातो आता.