मृत्यूचं कारण: पाहुणचार

...आणि वर मलाच विचारतात, “काय गं शाल्मली, एवढी आफ्रिकेत जाऊन आलीस, सिंह नाही बघितलास?” नाही हो बघितला! कोंबड्या बघितल्या! अडीच महिने नुसत्या कोंबड्या बघितल्या, त्यासुद्धा अगदी डोळ्यांत डोळे घालून, कारण माझं कामच ते होतं, कोंबडीच्या डोळ्यात लसीचा एक थेंब टाकायचा, एकच थेंब, एकाच डोळ्यात, की पुढचे चार महिने तिला मानमोडीची भीती नाही. मानमोडी म्हणजे तो रोग हो, कोंबडीची मान वाकडी होते नि दोन दिवसांत खेळ खलास. आता हे मी लग्नाच्या पंगतीत सांगायला लागले की शेजारची बाई पान उचलून पलीकडे जाऊन बसते, यात माझा काय दोष?

तुम्हाला सांगते, आधी घरातूनच सुरुवात. आमचं घराणं बेंगळुरात चारशे वर्षं, चिकपेटला बाबांचं हार्डवेअरचं दुकान, आणि घरात अंडं म्हणाल तर शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारतात. अशा घरातली मी व्हेटर्नरीला गेले हाच एक धक्का होता, त्यात चौथ्या वर्षी कॉलेजनं विचारलं, मलावीला जाणार का, छोट्या कोंबडीवाल्यांना मदत करायला? मी हात वर केला. आई म्हणाली, “कोंबड्याच हव्यात ना तुला? होसकोटेला बस जाते की गं!” बाबांनी, म्हणजे भगवंतरावांनी, नकाशा उघडला, मलावी शोधलं, आणि नकाशा मिटून ठेवला. होसकोटेलाही गेले मी, पंधरा दिवस, तिथल्या पोल्ट्रीवाल्या नरसिंहअण्णांकडे कोंबडी धरायला शिकायला. “अय्यो, बाळाला घेतात तशी घे गं अम्मा, भाजीची पिशवी धरल्यासारखी काय धरतेस!” हाताला सतरा ओरखडे पडले, पण ठरवलं म्हणजे ठरवलं!

तर मलावी. गावात बावीस घरं, घराघराच्या अंगणात मोकळ्या कोंबड्या, आणि माझ्या मदतीला तिथल्या पशुखात्याचे लिंबानीदादा, वय पन्नाशीपुढे, एक टोपी, एक सायकल, आणि गावात इंग्रजी येणारे तेवढेच एक. निघताना कॉलेजातल्या आमच्या धनलक्ष्मी मॅडमनी बजावलं होतं, “हे बघ शाल्मली, ऑक्टोबर हा तिकडचा भर उन्हाळा, रोग तेव्हाच येतो. लस दिलेल्या कोंबड्या ऑक्टोबर पार करून जगल्या, तरच पुढच्या वर्षी या गावाला लस मिळेल. नाही जगल्या तर विषय संपला.” आणि गाव तर आधीच पोळलेलं! आदल्या वर्षी रोग आला, ते मानमोडीला चितोपा म्हणतात, आणि तीन दिवसांत अंगणं रिकामी करून गेला. तिथं कोंबडी म्हणजे आजारपणाला, शाळेला, अडीअडचणीला तोच एक आधार. मी मनाशी म्हटलं, एकसुद्धा कोंबडी मरू देणार नाही. ठरवलं म्हणजे ठरवलं!

पहिलं घर. पहाटे कोंबड्या खुराड्यातून बाहेर पडायच्या आत आम्ही हजर. सहा कोंबड्या, सहा थेंब, एकही ओरखडा नाही, नरसिंहअण्णा असते तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. हात धुऊन मागं वळते तो काय... त्या सहातलीच एक, घरधन्याच्या हातात, उलटी!

“हे काय?”

लिंबानीदादा हसून म्हणाले, “पाहुणी आली ना. पाहुण्याला कोंबडी करतात.”

“अहो, पण हिला आत्ताच लस दिली!”

“मग चांगलंच की. निरोगी आहे.”

आणि इथंच माझी चूक झाली, ऐका, ही चूक फक्त आपल्याकडचंच माणूस करू जाणे. मी नको म्हणाले, पण आपल्या पद्धतीनं! म्हणजे मान वाकडी, तोंडभर हसू, “नको हो, नको, कशाला उगीच त्रास...” अहो, आपल्याकडे असं म्हटलं की वाढणारी आणखी दोन होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, पानात टाकते आणि वर तुपाची धार धरते! तिथंही तेच झालं. त्यांना वाटलं, कोंबडी लहान पडली म्हणून पाहुणी संकोच करतेय. दुसऱ्या घरी मोठी कोंबडी आली. तिसऱ्या घरी कोंबडा!

चौथ्या घरी मात्र मी उभी राहिले, घसा खाकरला, आणि सगळं समजावून सांगितलं, की आमच्या घराण्यात चारशे वर्षांत कुणी मांसाला हात लावलेला नाही, माझे आजोबा असे होते, पणजोबा तसे होते, जीव सगळ्यांना सारखाच... दहा मिनिटं बोलले हो! लिंबानीदादांनी भाषांतर केलं. तीन शब्द! आणि सगळं घर हसत हसत चुलीकडे पळालं.

“दादा, काय सांगितलंत त्यांना?”

“सांगितलं, पाहुणी लाजते.”

आणि का नाही सांगणार? मी खायची तो मक्याच्या पिठाचा गोळा, अगदी आपल्या रागीमुद्देचा, नाचणीच्या गोळ्याचा, गोरा भाऊ, त्याच्याबरोबर पाल्याची भाजी आणि आईनं दिलेली चटणीपुडी, आणि पाहुणीच्या वाटणीची अख्खी कोंबडी कुणाच्या पोटात जायची? दहा दिवसांत दादांना सायकलवर चढताना धाप लागायला लागली!

दहाव्या दिवशी बेंगळुराहून धनलक्ष्मी मॅडमचा फोन. “शाल्मली, दहा दिवसांत नऊ मृत्यू? चितोपा आला की काय?” मी म्हटलं, नाही मॅडम. “मग लस वाईट निघाली?” नाही मॅडम. “अगं मग फॉर्मवर मृत्यूचं कारण काय लिहू?” मी म्हटलं, “...पाहुणचार.” म्हणजे बघा, रोगानं नाही, सापानं नाही, मुंगसानं नाही, ज्या घरी मी कोंबड्या वाचवायला जाते त्या घरची एक कोंबडी माझ्यामुळेच मरते! घरी परत यायचं तिकीट बदलून घ्यावं असंही वाटलं एकदा. पण नाही! ठरवलं म्हणजे ठरवलं!

मग आलं दहावं घर. चिसोमो नावाच्या बाईंचं. तिकडे बाईमाणसाला मानानं अमायी म्हणतात, आणि त्या शब्दातली माई ऐकली की मला रोज घरची आठवण यायची. तर अमायी चिसोमो एकट्या, आणि त्यांच्या चौदा कोंबड्यांतल्या तेरा गेल्या वर्षी चितोपानं नेलेल्या. एक उरली होती. तपकिरी, मानेवर पिसं नाहीत, दिसायला काही फार देखणी नाही, पण अकरा अंड्यांवर खुडूक बसलेली, आणि माझा हात जवळ गेला की असे डोळे वटारायची की आमच्या मॅडम आठवाव्यात. मी तिच्या डोळ्यात थेंब टाकला. आणि अमायी चिसोमोंनी... तिला अंड्यांवरून उचललं.

अहो, ती एक कोंबडी म्हणजे त्यांचं सगळं! ती गेली की अंडी थंड, अंडी थंड की अंगण रिकामं, मग लस कुणाला द्यायची, मला? आणि बाईंच्या चेहऱ्यावर जरा तरी नाराजी असावी की नाही? त्या हसत होत्या! अभिमानानं! आपल्या दारी एवढ्या लांबची पाहुणी आली आणि तिला द्यायला आपल्याकडे काहीतरी आहे, याचा आनंद. मला हुंदकाच फुटला, आणि मी लिंबानीदादांना दंडाला धरून बाहेर ओढलं.

“दादा, तुमच्याकडे काय काय जनावरं आहेत?”

“दोन शेळ्या.”

“कुठे आहेत? तुमच्या अंगणात कधी दिसल्या नाहीत त्या.”

“बहिणीकडे. पलीकडच्या गावात.”

“का?”

“घरी ठेवल्या तर पाहुणे आल्यावर कापाव्या लागतील ना! दुसऱ्याचं जनावर आपल्याकडे सांभाळायला असलं, तर त्याला हात लावायचा नाही. रीत आहे तशी.”

अरे देवा! म्हणजे हा माणूस दहा दिवस माझ्या वाटणीच्या कोंबड्या खातोय आणि एवढी मोठी गोष्ट त्या कोंबड्यांबरोबर पोटात ठेवून बसलाय!

मी तशीच आत गेले. गुडघे टेकले, दोन्ही हातांनी कोंबडी घेतली, “झिकोमो” म्हटलं, म्हणजे आभार, आणि सांगितलं की मला ही जिवंतच हवी. चालतं हो! पाहुणा जिवंत कोंबडी घेऊन जाऊ शकतो. मग दारापर्यंत गेले, वळले, आणि म्हटलं, “अमायी, माझी कोंबडी तुमच्याकडे सांभाळायला ठेवते.” या वेळी लिंबानीदादांनी शब्दन् शब्द भाषांतर केलं, कारण त्यांच्या सायकलची किल्ली माझ्या मुठीत होती. अमायी चिसोमोंना सगळं कळलं होतं, मला अजून खात्री आहे. त्यांनी कोंबडी अंड्यांवर परत ठेवली आणि माझा हात धरला तो किती तरी वेळ सोडलाच नाही.

मग काय! अकरावं घर, बारावं घर, सगळीकडे मी गुडघे टेकते, कोंबडी घेते, आणि तिथंच ठेवते. मी निघेपर्यंत तेरा कोंबड्यांची मालकीण, आणि लिंबानीदादा पुन्हा पाल्याच्या भाजीवर. पण गाव माझ्याहून हुशार निघालं. न कळवता कुणी पाहुणा टपकला की अंगणातली कुठलीही कोंबडी, “ही? ही आमची नाही. शाल्मलीची!” सगळ्या गावच्या कोंबड्या माझ्या नावावर!

इकडे येऊन पडले तरी जीव तिकडेच. ऑक्टोबर उजाडला, घरी कानडी रीतीनं दसऱ्याच्या बाहुल्या मांडलेल्या, आई म्हणते आरती घे, आणि मी फोनला चिकटलेली. लिंबानीदादांचा निरोप आला, शेजारच्या गावात चितोपा शिरला. पुढं चार दिवस काही नाही! मी जेवले नाही, झोपले नाही, कॉलेजात मॅडमनी काही विचारलं तर मी उत्तर देई, “पाहुणचार.” पाचव्या दिवशी चिकपेट मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर फोन वाजला, “सगळ्या जिवंत आहेत.” मी तिथंच मोठ्यानं रडायला लागले, जिना वर संपला तरी माझं रडणं संपेना, मागून एक अण्णा ओरडतायत, “स्वल्प जाग बिडम्मा!” जागा सोडा म्हणे, कसली जागा नि कसलं काय, मी सगळी वाट अडवून उभी! पुढच्या वर्षीची लस मंजूर झाली, मॅडमनी सांगितलं. आणि पुढच्या वर्षीही मीच जाणार, आईला अजून सांगितलेलं नाही, पण ठरवलं म्हणजे ठरवलं!

आता कालची गोष्ट. अमायी चिसोमोंचा निरोप आला, लिंबानीदादांच्या भाषांतरासह. “गाव आनंदात आहे. कोंबड्या जगल्या म्हणून सगळ्यांनी जेवण ठेवलंय. पाहुणी तूच. तू इथं नाहीस, तरी तुझं ताट मांडणार. पण कोंबड्या सगळ्या तुझ्या, तुला विचारल्याशिवाय कुणी हात लावत नाही. त्या अकरा अंड्यांतून पहिला जो कोंबडा निघाला, तो केला तर चालेल का?”

सांगा, काय म्हणू? नाही म्हटलं तर त्या बाईंच्या आयुष्यातलं पहिलं सुखाचं जेवण मी मोडलं. आणि आपल्या पद्धतीनं “नको हो, कशाला” म्हणायची तर सोयच नाही, दोन कापतील! मी डोळे मिटले, मनातल्या मनात त्या कोंबड्याची माफी मागितली, आणि हो म्हणून टाकलं.

संध्याकाळी फोटो आला. चटईवर माझ्या नावाचं ताट, भोवती सगळं गाव हसतंय, मध्ये अमायी चिसोमो, आणि ताटात सगळ्यात मोठा तुकडा पाहुणीसाठी काढून ठेवलेला. मी बघत बसले होते, तेवढ्यात आई मागून डोकावली. “किती प्रेमळ माणसं गं ही! आणि ताटात एवढं मोठं ते काय वाढलंय?”

मी म्हटलं, “बटाटा, आई. तिकडे फार मोठे येतात.”