वाटी फक्त आईपुरती

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आजच्या निरोप समारंभाचे सत्कारमूर्ती व्यवस्थापकसाहेब आणि समोर बसलेल्या माझ्या रुग्णालयातल्या सोबत्यांनो,

आधीचे वक्ते म्हणाले, रुग्णांच्या ताटात तोंडीलावणं साहेबांनी आणलं. वा! मी इथल्या स्वयंपाकघराची प्रमुख, पण साहेबांचं हे कर्तृत्व मला आज इथं बसल्यावर कळलं.

साहेब रुजू झाले तेव्हा त्यांचं पहिलं फर्मान होतं, "मुख्य जेवण पुरे. काकडी-गाजराचे चोचले घरी." माझ्या हाताखाली तोंडीलावणं करणाऱ्या माझ्या धाकट्या जावेची रवानगी धुलाईखात्यात झाली. वृद्धांच्या वॉर्डातून भरली ताटं परत येऊ लागली. औषधांनी कडू झालेल्या तोंडात नुसतं मिळमिळीत अन्न फिरतं तरी का? मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "भूक लागली की खातील." काय हे ज्ञान! आणि तेही कुणाबद्दल? ज्यांची भूकच मेली होती त्यांच्याबद्दल.

पुढं साहेबांच्या मातोश्री त्याच वॉर्डात दाखल झाल्या. त्यांनीही अन्न सोडलं. एका दुपारी साहेब माझ्या दारात, हातात घरची वाटी, आवाज लोण्यासारखा.

"बाई, दह्यातली काकडी मिळेल जरा? फक्त आईपुरती. बोभाटा नको."

मला किळस आली. पण आजींचा काय दोष? जावेला बोलावलं. तिनं ओल्या हातांनीच काकडी किसली. वाटी घेऊन मी स्वतः गेले, साहेब मागोमाग.

आजींनी एक घास घेतला, डोळे मिटले. मग शेजारच्या खाटेकडे पाहिलं.

"हिची वाटी कुठाय?"

"आई, तू खा ना. तुझ्यासाठी खास..."

"खास? अरे, हिच्यादेखत मी एकटीनं गिळू? हा पंक्तिप्रपंच तुला कुणी शिकवला?"

वाटी त्यांनी बाजूला सारली. संध्याकाळचं ताट परत, दुसऱ्या दिवशीचंही. डॉक्टर चिडले, तेव्हा कुठं आमच्या या दानशूरांनी हुकूम मागं घेतला. जाऊ परत आली. सगळ्या खाटांवर वाट्या पोचल्या की नाही ते बघूनच आजी जेवल्या.

तेव्हा अध्यक्ष महोदय, तो पुष्पगुच्छ चुकीच्या मांडीवर आहे. आजी पहिल्या रांगेत काठी टेकून बसल्यात. साहेब, उठून देता का त्यांना? नाही? बसा, बसा. कष्ट नकोत. मी आणीन दुसरा.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. शब्द कुठं कमीजास्त झाला असेल तर पदरात घ्या. साहेब, निरोप. आजी, तुम्ही मात्र येत जा.