चिठ्ठ्या परत कोण पाठवतं?

मानाच्या खुर्चीवर बसलेले अध्यक्षसाहेब, माझ्या नातीला सहा वर्षं हाताखाली शिकवणाऱ्या मोठ्या बाई, व्यासपीठावरची विद्वान मंडळी, प्रयोगशाळेतल्या पोरापोरींनो, आणि भाषणं कधी संपतात म्हणून दाराजवळच्या चहाकडे डोळे लावून बसलेल्या सगळ्यांनो, तुम्हाला माझा मनापासून नमस्कार.

मी चौथी शिकलेली बाई. एवढ्या मोठ्या सभागृहात मी काय बोलणार? पण मोठ्या बाईंचा फोन आला, "आजी, नातीचा निरोप समारंभ आहे, तुम्ही बोलल्याशिवाय तिला सोडणार नाही." मग काय, वहीत लिहून काढलं. पहिल्या रांगेतला माझा मुलगा, म्हणजे नवऱ्या मुलीचा... अगं बाई, लग्न नाही, निरोप आहे! तर नातीचा बाप, तो म्हणाला, "आई, तीन मिनिटं. आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन सांगत बसू नकोस." नाही सांगत. चांगलं झालंय मात्र, आता जिने चढतात.

तर, माझी नात काय शिकली? मला तिनं सांगितलं ते असं. आपल्या अंगात लाखो कोटी पेशी. प्रत्येक पेशीत प्रथिनं तयार होतात, लांबलचक दोऱ्यासारखी. त्या दोऱ्याची नीट घडी पडली तरच तो कामाचा. घडी चुकली तर मदतीला बारीक बारीक यंत्रं असतात, ती पुन्हा घालून बघतात. नाहीच जमलं तर त्या प्रथिनावर चिठ्ठी लागते आणि चिठ्ठी लागलेला माल तुकडे करणाऱ्या यंत्रात जातो. तुकडे पुन्हा नव्या दोऱ्याला. अहो, मी ताडकन उठले! म्हटलं, "पोरी, हा तर माझा कारखाना!"

मी एकतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात चेकर होते. घडी चुकली की शर्ट मागे, पुन्हा घडी. शिवणच बिघडली असेल तर लाल कापडी चिठ्ठी, सेफ्टीपिनेनं टोचलेली. पण एकीच्या चिठ्ठीवर शर्ट फाडायचा नाही, असा आमच्याकडे नियम. चौघी चेकरनी लावली तरच तो चिंध्या करायच्या मशीनकडे. नात म्हणाली, "आजी, पेशीतसुद्धा एका चिठ्ठीवर सहसा भागत नाही, चार तरी लागतात, एकीला एक जोडून!" मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू, शेजारणीला हाक मारून सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण तीही हसली.

दोन वर्षांपूर्वी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. ही ज्या आजारी पेशी तपासत होती, त्यांत बिघडलेली प्रथिनं नुसती तुंबून राहायची. सगळे म्हणाले, तुकडे करणारं यंत्रच मोडलंय. हिनं यंत्र तपासलं. ठणठणीत. पुन्हा तपासलं, पुन्हा ठणठणीत. मोठ्या बाई, रागावू नका, तुम्ही तिला सांगितलंत, महिनाअखेरपर्यंत काही हाती लागलं नाही तर विषय बदल. म्हणजे चार वर्षांचं काम पाण्यात. रविवारी दुपारी मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. ही समोर येऊन बसली.

"आजी, मी सोडून देते."

"काय सोडतेस?"

"सगळंच. माझ्याच्यानं नाही होत."

"आधी तो टॉवेल धर, कोपरे सुटतायत. मशीन चांगलंय ना?"

"चांगलंय गं!"

"मग चिठ्ठ्या परत येतात का?"

"परत? म्हणजे काय?"

मग मला माझी चूक सांगावी लागली. ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. मुला, तोंड मिट, सांगते ना. आमच्या मशीनच्या तोंडाशी एक बाई बसायची. शर्टाची घडी मोडायची, चिठ्ठ्या सोडवायच्या, शर्ट बाहीकडून आत सारायचा आणि चिठ्ठ्या डब्यात घालून आम्हा चेकरकडे परत पाठवायच्या. ती आजारी पडली म्हणून चार दिवस मी बसले. मला वाटलं, या मळक्या चिठ्ठ्या कुणाला हव्यात? पिना तेवढ्या काढल्या, चिठ्ठ्या शर्टाबरोबर मशीनमध्ये. चौथ्या दिवशी कारखान्यात एक चिठ्ठी उरली नाही! मशीन रिकामं फिरतंय आणि टेबलांवर खराब शर्टांचा ढीग. काही तर चांगल्या मालात गेले. सुपरवायझर ओरडला, "मशीन बंद आहे का?" मी म्हटलं, "नाही हो साहेब, मीच बंद पडले होते!"

मला वाटलं पोर हसेल. ती टॉवेल हातात धरून तशीच उठली आणि चपला न घालता दारापर्यंत गेली. "अगं, टॉवेल ठेव!" तर म्हणते, "आजी, चिठ्ठ्या कोणी मोजल्याच नाहीत!"

तिनं मोजल्या. आजारी पेशींत चिठ्ठ्या सोडवणारा भागच बिघडलेला, त्यामुळे त्या मालाबरोबर तुकडे होऊन जात होत्या आणि नव्या मालाला लावायला काही उरतच नव्हतं. तिनं पेशींना जास्तीच्या चिठ्ठ्या पुरवल्या आणि तुंबलेला ढीग उतरायला लागला! महिना संपायला पाच दिवस होते. फोनवर ही रडतेय की हसतेय ते मला कळेना, मागून मोठ्या बाई ओरडत होत्या, "आजींना सांगा, आजींना सांगा!" बाई, तुमचा आवाज कारखान्यात शोभला असता.

शोध तिचाच आहे, मी फक्त घड्या घालत होते. उद्या ती दूरच्या प्रयोगशाळेत निघाली. तिच्या पेटीत मी माझी शेवटची लाल चिठ्ठी ठेवलीय, निवृत्तीच्या दिवशी घरी आणलेली. पोरी, ती सामानाला लावायची नाही. काम अडलं की हातात घ्यायची आणि विचारायचं, परत काय येत नाहीये? आणि तूही अधूनमधून परत ये.

मोठ्या बाई, विषय बदलायच्या आधी तुम्ही तिला महिना दिलात, त्याबद्दल आभार. सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभार. तीन मिनिटांची अकरा झाली, मुलगा घड्याळ दाखवून थकला. माझ्या बोलण्यात कुठे घडी चुकली असेल, तर लगेच चिठ्ठी लावू नका. आधी चौघींना विचारा.