करंजघाटातली सवारी

पंपाची लाईट बारानंतर येणार. म्हणजे अजून दीड-दोन तास इथंच बसायचं. मग बसा जवळ, शेकोटीत दोन काटक्या टाका आणि ऐका. मोबाईल खिशात ठेवा. या गोष्टीला उजेड चालत नाही.

गोष्ट आपल्या गिरणीवाल्या जोतीरामची. आत्तापासून हसू नका, पुरी ऐका. हसायला पुढं भरपूर आहे.

जोतीरामकडं एक मोटरसायकल होती. एका सिलिंडरची, लांबलचक, बसकी क्रूझर. हँडल रुंद, सीट खाली. तिच्यावर बसलेला माणूस आरामखुर्चीत बसल्यासारखा दिसायचा. सपाट रस्त्याला काय ऐटीत चालायची. धक धक धक धक, जणू वरातच निघाली. पण चढ आला की मान टाकायची. करंजघाटात तर ठरलेलंच. पहिलं वळण कसंबसं, दुसरं कण्हत कण्हत, तिसऱ्यावर बंद. मग मागं बसलेल्या मालननं उतरायचं, पदर खोचायचा आणि ढकलायचं.

मालन म्हणजे जोतीरामची बायको. घाटापलीकडं तिचं माहेर. लग्नाला चार वर्षं झालेली, आणि चारही वर्षं ती माहेरी जायची ती अर्धी गाडीवर, अर्धी गाडीमागं. भाऊ वेशीवर उभा राहून विचारायचा, "ताई, आज गाडीनं तुला आणलं का तू गाडीला?"

सोमवारी माहेरची जत्रा होती. चार दिवस आधी मालननं भाकरी थापता थापता सांगितलं, "हे बघा, सोमवारी तिसऱ्या वळणावर मला उतरावं लागलं, तर मंगळवारी ती म्हैस विकायची आणि स्कूटर घ्यायची."

"म्हैस म्हणू नकोस गं."

"म्हैस दूध तरी देते."

जोतीरामचा तर जीव त्या गाडीत. रात्री गिरणी बंद केली की पिठानं पांढरा झालेला हा माणूस तासभर तिची टाकी पुसत बसायचा. तो गेला बशीरभाई मिस्त्रीकडं.

"बशीरभाई, हिला मोठं इंजिन बसेल का?"

"बसेल की. त्यापेक्षा घाट सपाट करून घे, स्वस्त पडेल."

"मग तो मोठ्या आवाजाचा सायलेन्सर?"

"आवाजानं गाडी चढत नाही. चढत नाही हे गावभर कळतं, एवढंच." बशीरभाईंनी चेनवरचं झाकण काढलं. आत दातांचं चक्र. "हे बघ. पुढचं चक्र पंधरा दातांचं. चौदाचं टाकू. तुझ्या गिरणीत मोटरवरची कप्पी लहान केली तर काय होतं?"

"जातं हळू फिरतं, पण जोर वाढतो."

"झालं तर. हे तेच."

जोतीरामच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चार वर्षं गिरणीच्या पट्ट्याशी झटणारा माणूस, आणि गाडीचा पट्टा म्हणजे चेन, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

मग दोघांनी तीन दिवस गाडी खोलली. मोठा खर्च काही नाही बरं का. दात कमी केला. एअर फिल्टर काढला तर त्यातून गव्हाचं पीठ सांडलं. "ही गाडी दम्यानं मेली असती," बशीरभाई म्हणाले. नवा फिल्टर, नवा प्लग. पुढच्या फोर्कमध्ये जाडसर ऑइल, म्हणजे ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसत नाही. हँडलच्या खालचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, घट्ट केला, मागचे शॉकअप, म्हणजे दणके झेलणाऱ्या स्प्रिंगा, दोन घरं कडक केले. ब्रेकला नवे पॅड, मागं नवा टायर. रविवारी दिवेलागणीला काम संपलं.

आणि जोतीरामला धीर निघेना. उद्या सकाळी मालन बसणार. त्याआधी एकदा घाट चढून बघायला नको? पण एकट्यानं चढून काय उपयोग? मागं वजन पाहिजे. मालनचं वजन किती, हे विचारायची छाती नव्हती. त्यानं अंदाजानं गव्हाचं एक पोतं भरलं, मागच्या सीटवर उभं करून दोरीनं बांधलं, आणि रात्री नऊला निघाला. मालनला म्हणाला, "गिऱ्हाईकाचं पोतं पोचवून येतो."

ऐका आता. इथून पुढं कान द्या.

घाटाच्या पायथ्याला चिंच आहे. तिथं दोरी सैल झाली म्हणून जोतीराम थांबला. दोरी आवळली. चिटपाखरू नाही. वाराही नाही. किक मारली, गाडी धडधडली. क्लच दाबला, गिअर टाकला. आणि तिथंच त्याच्या हातून चूक झाली.

आपल्यातला कुठला नवरा बायकोला मागं बसवल्यावर विचारत नाही? गाडी सोडायच्या आधी, मान अर्धी वळवून? सवयच असते. जोतीरामला चार वर्षांची सवय. मागं पोतं आहे हे माहीत असून तो गमतीनं म्हणाला,

"बसलीस का गं?"

आणि मागून आवाज आला, "बसले की."

त्या चिंचेखाली असं विचारायचं नसतं. तिथं वाट बघत कुणीतरी उभं असतं, आणि त्याला नुसतं विचारायची खोटी असते.

जोतीरामच्या मानेवर काटा आला. पण क्लच सुटला होता, गाडी निघाली होती. बांगड्या वाजल्या. खांद्यावर हात पडला. गार, ओल्या फडक्यासारखा. मागं बघायचं नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. त्यानं आरशात बघितलं. आरशात पोतं दिसलं. सीटवर नाही, मागं रस्त्यात आडवं पडलेलं, लांब लांब जाणारं.

पहिलं वळण. गाडी सरसर चढली. मागची म्हणाली, "हलकी हाय गाडी." आणि ती वाढायला लागली. काय वाढायला? वजनानं हो. एका पोत्याची दोन पोती. दोनाची चार. शॉकअप दबले, पुढचं चाक हलकं झालं, हँडल हातात नाचायला लागलं. दुसरं वळण आलं. भीतीनं जोतीरामनं टाकी गुडघ्यांत आवळून धरली. आणि तरी, काय सांगू तुम्हाला, मनातून उकळ्या फुटत होत्या. गाडी दुसऱ्या गिअरला ओढत होती. चार पोती घेऊन. कण्हत नव्हती.

तिसरं वळण आलं आणि गेलं. बंद पडली नाही. घाबरलेला जोतीराम मोठ्यानं म्हणाला, "चढली."

"काय चढली?"

"गाडी, बाई, गाडी."

"मग चढणारच. बैल चढायचे, ही का चढायची न्हाई?" तिच्या आवाजात थोडा राग होता. तिला वाटलं होतं, पुढचं चाक उचलेल, हा मागं उलटेल आणि गाडीखाली येईल.

मग तिनं दुसरं आरंभलं. वळणावर जोतीराम डावीकडं झुकला की ती उजवीकडं. तो उजवीकडं की ती डावीकडं. गाडी दरीच्या कडेला गेली. खडी उडाली, खाली पडल्याचा आवाजही आला नाही. पण कोनसेट घट्ट होता, फोर्कमध्ये जाड ऑइल होतं. हँडल भरकटलं नाही. नव्या टायरनं रस्ता धरला. आणि जोतीराम भीती विसरून ओरडला, कारण मालनला हेच शंभर वेळा सांगून झालं होतं, "माझ्याबरोबर वाकायचं असतं. मी जिकडं, तिकडं. उलटं नाही."

पुढच्या वळणाला जोतीराम वाकला. मागचीही वाकली. बरोबर, त्याच्याच बाजूला. गाडी अशी वळली, अशी वळली, जशी पाण्यातून मासळी. आणि मागून हसू आलं. पोरीसारखं, खुदुखुदु.

"पुन्हा."

पुन्हा वळण आलं. पुन्हा. पण हे काय? समोर चिंच. चिंचेखाली रस्त्यात आडवं पडलेलं पोतं. चढ चढत होता की हा. मग पायथ्याला कसा आला? त्यानं पोत्याला वळसा घातला, घाट चढला, वळणं मोजली. एक, दोन, तीन, चार. आणि समोर पुन्हा पोतं. चकवा. ती त्याला गोल गोल फिरवत होती.

तिसऱ्या फेरीत चढाचा उतार झाला. होय, त्याच रस्त्याचा. मागून एक हात पुढं आला, लांब, लांब, जोतीरामच्या कोपरापलीकडं, आणि त्याच्या मुठीवर मूठ ठेवून तिनं ॲक्सिलरेटर पिळला. "जोरात," ती म्हणाली. गाडी खाली सुटली. समोर कठडा. जोतीरामनं दोन्ही ब्रेक लावले. पॅडनी धरलं. गाडी सरळ रेषेत थांबली, कठड्यापासून वीतभर. दुसरी कुठली असती तर आज मी गोष्ट सांगत नसतो, जोतीरामचं वर्षश्राद्ध सांगत असतो.

"झकास," मागची म्हणाली. "पयल्या बैलगाड्या होत्या. लई हाडं मोडायची. ही बरी हाय. पुन्हा."

आणि इंजिन अडखळलं. पेट्रोल. जोतीरामनं टाकीखालचा कॉक फिरवून रिझर्व्हला टाकला. तिनं ते बघितलं.

"संपत आलं?"

"आलं."

"संपू दे. संपलं की दोघं उतरू. दरीत खाली माझं घर हाय."

हसताय काय? आता हसायची वेळ गेली. जोतीरामच्या डोळ्यांपुढं मालन आली. पहाटे पिशवी भरून उंबऱ्यावर बसलेली, रस्त्याकडं बघणारी. आणि तो पुन्हा तिसऱ्या वळणाला आला होता. वरच्या खिंडीत शिवेचा दगड आहे, आणि शीव ओलांडून ती येत नाही. तिथवर कसंही पोचायचं. पण ही मागं असेपर्यंत रस्ता खिंडीत जाणारच नाही.

त्यानं गाडी हळू केली. क्लच अर्धा दाबला आणि इंजिन उगाच घुरघुरवलं. थांबला.

"बाई, उतरा. इथं ढकलावं लागतं."

"मगाशी तर चढली."

"मगाशी तुम्ही चार पोती होता. आता किती झालात, तुमचं तुम्हाला माहीत."

मागची जरा लाजली. मग ती म्हणाली, "बायकोलाबी उतरवतोस?"

"दर वेळी. ह्याच वळणावर."

"बिचारी गं," ती म्हणाली. आणि उतरली.

खरंच उतरली. शॉकअप वर आले. मागच्या लाल दिव्याच्या उजेडात आरशात तिचे पाय दिसले. टाचा पुढं, बोटं मागं. तिनं पदर खोचला, दोन्ही हात मागच्या मडगार्डला लावले आणि ढकललं. गाडी हलली. जोतीरामनं श्वास धरला, पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि मूठ पिळली. तो चौदा दातांचा जोर, वर तिचा धक्का. गाडी गोफणीतून दगड सुटावा तशी सुटली. मागं पावलं वाजली, थप थप थप, जवळ, अगदी जवळ. केसाला कुणीतरी धरल्यासारखं झालं. पण आता रस्ता सरळ झाला होता. खिंड आली. शिवेचा दगड मागं पडला. पावलं थांबली.

मागून आवाज आला, लांबून, रडवेला नाही की रागाचा नाही. "मागचं अजून एक घर घट्ट कर रं. न्हाईतर बायकूला दणकं बसतील."

जोतीराम थांबला नाही. खिंडीपलीकडं उतरला आणि धरणाच्या रस्त्यानं घरी आला. अकरा किलोमीटर जास्त पडतात. मध्यरात्र उलटलेली. दारात बसून त्यानं आधी पाना घेतला आणि शॉकअप एक घर घट्ट केले. मग झोपला.

सकाळी मालन नवी साडी नेसून बाहेर आली. गाडीला चक्कर मारली आणि मागं थबकली. मडगार्डवर दोन पंजे. काळे, जळल्यासारखे.

"हे हात कुणाचे?"

जोतीराम फडक्यानं ते पुसायला लागला. निघेनात.

"म्हणजे काल ढकलावी लागली."

नाही म्हणावं तर पंजे दिसतायत. होय म्हणावं तर गाडी गेली. तो म्हणाला, "तू बस तर खरी."

ती बसली, पण तोंड पाडून. उन्हं वर आली होती, जत्रेला जाणाऱ्या जीपगाड्यांनी रस्ता भरला होता, चिंचेखाली पोतं तसंच पडलं होतं. पहिलं वळण. दुसरं. तिसरं जवळ आलं तशी मालननं सवयीनं पदर खोचला, एक पाय खाली सोडला. गाडी थांबली नाही. धक धक धक करत वळण घेतलं आणि वर गेली. मालनचा पाय तसाच हवेत.

"अहो," ती म्हणाली. "मी उतरले नाही."

"नाही उतरलीस."

खिंडीत त्यानं गाडी थांबवली. मालन खाली उतरली ती आनंदानं. चौथ्या वर्षी पहिल्यांदा तिनं तिथून दरीतलं धुकं बघितलं. मग मागं आली आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं आपले पंजे त्या पंज्यांवर ठेवून बघितले. बसेनात. तिचे अंगठे आतल्या बाजूला. त्या पंज्यांचे अंगठे बाहेरच्या बाजूला.

तिनं हात पदराला पुसले.

"ढकलणारी बाई होती?"

"होती."

"कुठं सोडलीत तिला?"

"तिसऱ्या वळणावर."

मालन येऊन सीटवर बसली. त्याच्या कमरेला घट्ट धरलं.

"परत येताना धरणाच्या रस्त्यानं यायचं."

"अकरा किलोमीटर जास्त पडतात."

"पडू देत," मालन म्हणाली. "गाडी छान चालते."

तर बाबांनो, जोतीरामची गाडी राहिली. पण तुम्ही मात्र दिवस मावळला की करंजघाटाची वाट धरू नका. पायी नको, गाडीनं तर मुळीच नको. पूर्वी ती बैलगाडीतल्या फेरीवर खूश असायची. आता तिला कडक शॉकअपची सवय लागलीय.