राजाचा झगा पॉलिस्टरचा

जुना गेम घासूनपुसून नवा काढते ना कंपनी, रिमास्टर म्हणते त्याले. तो जुन्यापेक्षा चांगला असते का, हे फक्त आमच्या वासूले विचारू नका.

वासूचं गांधीबागेत कापडाचं दुकान. कॉलेजात आम्ही राक्षस मारायचा एक गेम खेळत होतो, त्यात वासू आमचा उस्ताद. एकदाही मरत नव्हता. आता तोच गेम नवा आला, त्यानं घेतला. मी म्हटलं, "तू खेळून दाखव, चांगला असला तर मी बी घेतो."

रविवारी बसलो त्याच्या घरी. पहिल्याच दरबारात राजा आला आणि वासू उठून टीव्हीपाशी गेला.

"काहून गा, काय झालं?"

"राजाचा झगा पाह. जुन्या गेमात नुसता लाल ठिपका दिसे, मी इतकी वर्षं मखमल समजून राहिलो. हे तर पॉलिस्टर आहे बे!" असं म्हणून त्यानं दुकानात कापडाचा पोत पाहते तशी टीव्हीवरच चिमटी फिरवली.

तेवढ्यात मागून राक्षस आला. मी ओरडलो, "वासू, राक्षस!"

"पाहून राहिलो ना. याचं धोतर मात्र असली हातमागाचं आहे."

राक्षसानं गदा घातली. असा वासू सात वेळा मेला. सातव्या वेळी तर धोतराची किनार पाहत होता.

शेवटी मी विचारलं, "मग, घेऊ का नवा?"

"जुनाच बरा होता गा," वासू म्हणते. "त्यात कापड दिसत नव्हतं, म्हणून मी जिवंत तरी राहत होतो."