हौदाची चावी

नाही एल्पिदिओ, चावी माझ्या एप्रनच्या खिशात आहे आणि तिथेच राहील — हात पुढे करून काय उभा राहतोस? आणि दुसऱ्या हातात ताट! हैतीच्या विल्नेरने वाढलेलंच ना हे? बघितलं मी, या खिडकीतून सगळं अंगण दिसतं. राजधानीच्या चर्चच्या त्या तिघा साहेबांची जीप फाटकात शिरली नाही तोच तू बाकावरून उठलास, ताट उचललंस आणि माझ्या स्वयंपाकघरात शिरलास — का, तर म्हणे बाप्तिस्म्याच्या हौदात पाणी सोडायचंय. पाणी सोडायला ताट लागतं का रे? तो बिचारा हातात डाव धरून बसलाय अजून, त्याला वाटतंय तू मिरची आणायला गेलायस.

बस त्या पाटावर. बस म्हटलं ना. चर्चचा पाळक असशील बाहेर, इथे तू माझ्या रविवारच्या शाळेतला शेंबडा एल्पिदिओ आहेस. आता मला सांग, ही पद्धत कोणी सुरू केली? प्रार्थना झाली की एकच पातेलं, ज्याच्या घरी जे असेल ते आत — कोणाची कच्ची केळी, कोणाचा कसावा, दुकानदाराची कोंबडी — आणि आपलं ताट आपण वाढून घ्यायचं नाही, शेजाऱ्याने वाढायचं. कोणी? तू! माझ्याशी भांडून! मी म्हणत होते, अरे, हैतीहून आलेले ऊस तोडणारे आणि आपले दुकानदार एका बाकावर बसायचे नाहीत, उगाच डोकं फोडून घेऊ नकोस. आणि तू काय म्हणालास? म्हणालास, दोन्या तोमासा, तो जकातदार जक्कय झाडावर बसला होता तेव्हा येशूने खाली उभं राहून त्याचे कागद मागितले का? म्हणाला, खाली उतर, आज तुझ्याकडे जेवायला येतोय. झालं! दुसऱ्या रविवारपासून पातेलं मीच चढवायला लागले.

आणि आज तू उठलास. पेत्राने नेमकं हेच केलं होतं, अंत्युखियात — तूच शिकवलंस आम्हाला, मला कुठे एवढं वाचता येतं. परक्या लोकांबरोबर मजेत जेवत होता, मग जेरुसलेमहून याकोबाकडची माणसं आली आणि हा हळूच मागे सरकला. पेत्र! पाण्यावरून चालून आलेला माणूस, आणि जेवणावरून घसरला! मग पौलाने काय केलं — कोपऱ्यात नेऊन कुजबुजला? छे. सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं. मी निदान स्वयंपाकघरात सुनावतेय, उपकार समज माझे.

हो, माहीत आहे, छपराचे पत्रे त्या जीपवाल्यांनी दिले. मग? पत्रे नव्हते तेव्हा आपण आंब्याखाली गात नव्हतो? आणि काय म्हणतायत ते — हैतीवाल्यांची उपासना वेगळी ठेवा, संध्याकाळी, त्यांच्या त्यांच्यात? म्हणजे देवाने दोन दिवाणखाने ठेवायचे. आणि आत्ता बाप्तिस्मा हवाय, फोटोसाठी, हौद भरून. तर हौद भरायचा नाही. गळतो तो. अरे गळतो म्हणजे गळतो. ईस्टरपासून बाप्तिस्मे का झाले नाहीत म्हणून माझ्या मागे लागला होतास ना, तेच कारण, तडा गेलाय. कुठे म्हणजे — खाली, तळाला. नाही, फळ्या उचलून बघायची काही गरज नाही! बस तू! पाणी सोडलंस तर गादी भिजेल आणि तिला या दिवसांत शिडी चढून—

गादी म्हणाले का मी?

म्हणाले. जाऊ दे, तोंडातून गेलं ते गेलं. मिरलांद आहे खाली. विल्नेरची बायको. दिवस भरत आलेत तिचे. सकाळपासून उसाच्या वजनकाट्यापाशी तो कागद नसलेल्यांना पकडणारा ट्रक उभा आहे — विल्नेरकडे कारखान्याचं कार्ड आहे, तिच्याकडे काही नाही, आणि ते लोक पोट बघत नाहीत, उचलून ट्रकात घालतात. ट्रक दिसला की ती हौदात उतरते, वर फळ्या, फळ्यांवर तुझं व्यासपीठ. गेल्या रविवारी तू प्रेमावर बोलत होतास ना, पाय आपटून आपटून — तिच्या डोक्यावर माती पडत होती.

तुला का नाही सांगितलं? कारण तुला कळलं असतं तर तू लोकांशी खोटं तरी बोलला असतास, नाहीतर खरं तरी, आणि मला दोन्हीची भीती वाटत होती. मला भीती वाटत नाही असं समजू नकोस हं. सकाळी तो ट्रक दिसला तेव्हा रश्श्यात मीठ दोनदा टाकलं मी. खारट लागतंय ना? गिळ गुपचूप. पण मी तिला बाहेर काढणार नाही, एल्पिदिओ. तूच तिला त्या हौदात बुडवून वर काढलंस, या हातांनी, आणि सगळ्यांसमोर म्हणालास, आता तू आमची. मग, पाणी वाळलं की आमची राहत नाही का? हौद पाप धुवायला चालतो आणि माणूस लपवायला चालत नाही?

पेत्र तुरुंगातून सुटून मार्कच्या आईच्या दारात आला, आठवतं? आत सगळे त्याच्याच सुटकेसाठी गुडघे टेकून बसलेले, आणि तो बाहेर दार वाजवतोय, वाजवतोय, उघडत कोणी नाही! लहानपणी तू किती हसायचास त्या गोष्टीला. मला हसू येत नाही आता. मला तसली प्रार्थना नको. आधी दार उघडा, मग गुडघे टेका.

हं, आता ऐक. येशूला योहानाने हौदात बुडवलं का? नदीत. तर जा आणि त्या तिघांना सांग, आमच्याकडे बाप्तिस्मा नदीत होतो, पायी जायचं, उसातून. यात खोटं काही नाही — तडा गेला म्हणाले ते माझं मी देवाशी बघून घेईन. बूट काढून हातात घ्या म्हणावं, फोटो उलट छान येतील. तेवढ्या वेळात मी तिला वर काढून गरम काहीतरी खाऊ घालते.

पण त्याआधी हे ताट घेऊन बाहेर जा. त्याच बाकावर बस, विल्नेरच्या शेजारी, त्यांच्या डोळ्यांदेखत. खिडकीतून बघ एकदा — त्याचं ताट रिकामं आहे. त्याने तुला वाढलं, आता त्याला कोण वाढणार? शेजारी तर उठून आला. आणि तो स्वतःहून वाढून घेणार नाही, तूच शिकवलंयस.

ऊठ. आतल्या दाराने, प्रार्थनाघरातून जातोयस? मग व्यासपीठावरून जपून जा, रात्रभर कळा सोसून आत्ता कुठे तिचा डोळा लागलाय. — बूट का काढतोयस रे?

बरं. जा आता, रस्सा निवतोय.